‘फील’ आला की दर वेळी ‘वाटणे’? आरोग्यपत्रकांच्या अनुवादाबद्दल प्रश्न

मंजिरी_अनुवाद

दोन इंग्रजी माहितीपत्रकांचा मराठी अनुवाद करते आहे. एक मधुमेह असलेल्यांनी पायांची काळजी कशी घ्यावी याचं, दुसरं स्तनांची तपासणी स्वतः कशी करावी याचं. आशाताई ती गावात वाचून दाखवणार आहेत, म्हणून भाषा बोलण्यातली हवी. दोन्हींत ‘फील’ आणि ‘फीलिंग’ ओळीओळीला आहे. सगळीकडे ‘वाटणे’ किंवा ‘जाणवणे’ घातलं तर वाक्य मराठी राहत नाही, काही ठिकाणी तर अर्थच बदलतो. अडलेली वाक्यं अशी:

१. यू मे लूज फीलिंग इन युअर फीट.
२. युअर फीट मे फील नम, ऑर अ‍ॅज इफ यू आर वॉकिंग ऑन कॉटन.
३. फील इनसाइड युअर शूज बिफोर यू पुट देम ऑन.
४. यू मे नॉट फील अ ब्लिस्टर.
५. कॉल युअर डॉक्टर इफ युअर फूट फील्स हॉट.
६. फील फॉर लम्प्स विथ युअर फिंगर पॅड्स.
७. इफ यू फील अ लम्प, डोन्ट पॅनिक.
८. यू मे नॉट फील लाइक ईटिंग.
९. इट इज नॉर्मल टु फील अँक्शस.

सुटी उत्तरं नकोत असं नाही, पण पुढच्या पत्रकांनाही उपयोगी पडेल अशी पद्धत कुणी सांगू शकेल का?

शब्दवेल्हाळ

मंजिरीताई, ‘फील’कडे बघून मराठी क्रियापद शोधू नका. त्याच्या आगेमागे काय आहे ते बघा.

हे क्रियापद मुळात हाताचं. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ स्पर्श करणं, स्पर्शाने कळणं असा होता. जर्मनमधलं ‘फ्यूलेन’ त्याच कुळातलं. भावना, मत, अंदाज हे अर्थ त्यावर नंतर चढत गेले आणि इंग्रजीने ते सगळे एकाच शब्दात ठेवले. मराठीने ते वेगवेगळ्या क्रियापदांत वाटून दिले आहेत, त्यामुळे निवड आपल्याला करावी लागते.

पुढे नुसतं नाम असेल तर पहिला प्रश्न असा की माणूस मुद्दाम हात लावतोय की त्याला आपोआप कळतंय? इंग्रजी वाक्यातच खूण सापडते. आज्ञार्थ असेल तर क्रिया मुद्दामच असते, कारण आपोआप कळण्याची आज्ञा देता येत नाही. ‘कॅन’ किंवा ‘मे नॉट’ असेल तर बहुतेक वेळा आपोआपची. ‘वॉज फीलिंग द क्लॉथ’ असं चालू काळात असेल तर पुन्हा मुद्दाम. मुद्दामच्या क्रियेला मराठीत हात लावून बघणे, चाचपणे, दाबून बघणे. आपोआपच्या क्रियेला कळणे, जाणवणे, लागणे. म्हणून तुमचं तिसरं वाक्य ‘घालण्याआधी बुटात हात घालून आतून सगळीकडे फिरवून बघा’ आणि चौथं ‘फोड आला तरी कळणार नाही’. तिसऱ्यात ‘बूट आतून जाणवून घ्या’ असं लिहिलं तर ऐकणाऱ्या बाईला काय करायचं तेच कळणार नाही, आणि खडा बुटात राहील.

पुढे ‘फॉर’ असेल आणि त्यापुढे वस्तू असेल तर चाचपून शोधणं: अंधारात बटण चाचपणं, स्तनात गाठ चाचपणं. ‘फॉर’पुढे माणूस असेल तर त्याच्याबद्दल कळवळा येणं, वाईट वाटणं.

पुढे विशेषण असेल तर कर्ता बघायचा. कर्ता माणूस असेल तर ती त्याची अवस्था. कर्ता वस्तू किंवा अवयव असेल तर मात्र थांबा, कारण तिथे इंग्रजी वाक्य दोन्हीकडे झुकतं. ‘युअर फूट फील्स हॉट’ म्हणजे पायाची आग होते, की पाय हाताला गरम लागतो? मूळ पत्रक लिहिणाऱ्याला विचारल्याशिवाय पाचवं वाक्य लिहू नका. आजूबाजूला ‘टु द टच’ असेल तर प्रश्नच नाही, ‘हाताला गरम लागतो’.

पुढे ‘लाइक’ असेल तर दोन वाटा. ‘लाइक’नंतर क्रिया किंवा खाण्यापिण्याची वस्तू असेल तर बहुधा इच्छा: ‘जेवावंसं वाटणार नाही’, ‘चहा घ्यावासा वाटतो’. इथे क्रियापदाला लिंगवचन सांभाळावं लागतं, ‘भाकरी खावीशी वाटत नाही’. दुसरी वाट साम्याची, ‘कापसावर चालल्यासारखं वाटतं’. ‘अ‍ॅज इफ’ आणि ‘अ‍ॅज दो’ नेहमी या दुसऱ्या वाटेला.

पुढे ‘दॅट’ असेल तर ते मत. ‘वाटणे’ तिथे निर्धास्त वापरा, ती त्याची हक्काची जागा आहे.

‘फीलिंग’ या नामात तर उपपदावरून (आधीच्या ‘अ’, ‘द’वरून) उलगडा होतो. उपपद नाही आणि पुढे अवयव आहे, तर संवेदना (तुमचं पहिलं वाक्य). ‘अ फीलिंग दॅट’ म्हणजे मनाला आधीच काहीतरी वाटणं. अनेकवचनी ‘फीलिंग्ज’ म्हणजे भावना, आणि ‘माय फीलिंग इज’ म्हणजे माझं मत. आरोग्यपत्रकात यांतला पहिला आणि तिसराच बहुधा येईल.

कर्मणी

वरचं वर्गीकरण इंग्रजीच्या बाजूने उत्तम आहे. मराठीच्या बाजूने दोन गोष्टी जोडते.

एक म्हणजे मराठीत प्रत्येक संवेदनेचं आणि भावनेचं क्रियापद जवळजवळ ठरलेलं असतं, आणि ते त्या नामाबरोबरच येतं. भूक आणि तहान लागते. थंडी वाजते. राग, कंटाळा, झोप, चक्कर, कीव, मुंग्या येतात. भीती, लाज, अभिमान, हेवा वाटतो. आनंद आणि दुःख होतं (आनंद वाटतोही). उणीव भासते. थकवा येतो किंवा जाणवतो. म्हणजे ‘फील’चा अनुवाद करायचाच नाही, पुढच्या शब्दाचं मराठी नाम आधी ठरवायचं, ते आपलं क्रियापद घेऊन येतं. ‘फील हंग्री’ला ‘भुकेलेलं वाटणं’ किंवा ‘फील कोल्ड’ला ‘थंड वाटणं’ हे छापील अनुवादांत सर्रास दिसतं आणि फार खटकतं. ‘भूक लागते’, ‘थंडी वाजते’ एवढंच पुरतं.

काही ठिकाणी नामाचीसुद्धा गरज नसते. मळमळतं, गरगरतं, धडधडतं, ठणकतं, जळजळतं, उकडतं, गुदमरतं. ‘मला मळमळतं’ या वाक्यात कर्ता वेगळा दाखवता येत नाही, क्रियाच कर्ता असते. व्याकरणात त्याला भावकर्तृक म्हणतात. इंग्रजीला ‘फील’ आणि विशेषण असे दोन शब्द लागतात, तिथे मराठीचं एक क्रियापद पुरतं. आरोग्याच्या मजकुरात ही क्रियापदं सोन्यासारखी आहेत, कारण दुखण्याचा प्रकारही त्यांत येतो. ठणकणं आणि जळजळणं यांत डॉक्टरला लगेच फरक कळतो. ‘वेदना जाणवणे’ मध्ये काहीच कळत नाही.

दुसरी गोष्ट ‘वाटणे’बरोबरच्या विशेषणाची. ‘मला वाईट वाटलं’ ही माझी अवस्था. ‘मला तो वाईट वाटला’ हे त्याच्याबद्दलचं मत. विशेषण नपुंसकलिंगी एकवचनी राहिलं तर स्वतःबद्दल, दुसऱ्या नामाप्रमाणे बदललं तर त्या नामाबद्दल. म्हणून ‘शी फील्स लोन्ली’चं ‘ती एकटी वाटते’ असं केलं की अर्थ उलटतो, कारण ती मला एकटी दिसते असं ते वाक्य सांगतं. ‘तिला एकटं वाटतं’ हे बरोबर. ही चूक घाईत फार होते आणि मुद्रितशोधनात सुटते, कारण वाक्य व्याकरणाने शुद्ध असतं.

आणि ‘आय फील बॅड’ जपून. इंग्रजीत ते आजारपण, दिलगिरी, दुःख तिन्हींना चालतं. मराठीत ‘वाईट वाटतंय’ आजारपणाला चालत नाही, तिथे ‘बरं वाटत नाही’.

फिजिओ_नाशिक

पायांच्या पत्रकाबद्दल लिहितो, कारण इथे शब्दाची निवड तपासणीच्या निकालापर्यंत पोचते.

मधुमेहात पायाच्या नसा हळूहळू खराब होतात, आधी बोटं, मग तळवा, मग वर. रुग्ण दोन प्रकारच्या तक्रारी सांगतात आणि अनुवादात त्या एकत्र करू नयेत. एक तक्रार नको ते जाणवण्याची: मुंग्या, आग, टोचणं, रात्री जास्त. दुसरी हवं ते न कळण्याची: चप्पल निसटली तरी पत्ता नाही, खिळा घुसला तरी कळलं नाही. इंग्रजीत ‘फील नम’ दुसऱ्या प्रकारात मोडतं. मराठीत ‘बधिर’ म्हटलं तर बरेच जण मुंग्या आल्यावरचा जडपणा समजतात, जो थोड्या वेळाने जातो. म्हणून पत्रकात ‘बधिर’नंतर लगेच खुलासा हवा: ‘हात लावलेला, टोचलेलं, गरम लागलेलं पायाला कळत नाही’.

तपासणी करताना दहा ग्रॅमचा नायलॉनचा धागा वापरतात. तो त्वचेवर काटकोनात टेकवून वाकेपर्यंत दाबायचा, एक-दोन सेकंद ठेवायचा आणि उचलायचा. घट्ट्यावर, जखमेवर किंवा जुन्या व्रणावर लावायचा नाही, कारण तिथे चांगल्या पायालाही कळत नाही. आधी रुग्णाच्या हातावर लावून दाखवायचा, म्हणजे काय ओळखायचं ते समजतं. मग डोळे मिटायला सांगायचं.

आता प्रश्न काय विचारायचा? इंग्रजी सूचनेत असतं ‘कॅन यू फील धिस?’ आपल्याकडे अनेक जण विचारतात ‘लागतंय का?’ मराठीत ‘लागणे’ म्हणजे इजा होणेसुद्धा. ज्याला स्पर्श व्यवस्थित कळतोय पण दुखत नाहीये, तो प्रामाणिकपणे ‘नाही लागत’ म्हणतो आणि आपण पाय बधिर असल्याची नोंद करतो. ‘टोचतंय का?’ मध्येही तोच घोटाळा. ‘जाणवतंय का?’ ठीक आहे, पण वयस्कर खेडूत रुग्णाला तो शब्द थोडा लांबचा. सगळ्यांत बिनचूक म्हणजे ‘हात लावलेला कळला की हो म्हणा, आणि कुठे लावला ते सांगा’. यात आणखी एक फायदा. दर वेळी धागा लावल्यावर ‘कळलं का?’ विचारलं तर प्रश्नामुळेच माणूस ‘हो’ म्हणतो. आधी एकदा सांगून ठेवायचं, मग न विचारता, कमीजास्त वेळ सोडून लावत राहायचं.

१२८ हर्ट्झच्या ट्यूनिंग फोर्कला (वाजवल्यावर थरथरणारा धातूचा दुहेरी काटा) वेगळं वाक्य लागतं. फोर्क वाजवून पायाच्या अंगठ्याच्या हाडावर टेकवतात. ‘कळतंय का?’ विचारलं तर रुग्णाला फोर्कचा गार दांडा टेकलेला कळतो आणि तो ‘हो’ म्हणतो, थरथर कळली की नाही ते राहून जातं. तिथे ‘नुसतं टेकलेलं कळतंय की थरथरही कळतेय? थरथर थांबली की सांगा’ असं विचारावं. न वाजवलेला फोर्कही मधेच एकदा टेकवून बघावा.

पाचव्या वाक्याबद्दल शब्दवेल्हाळ यांनी सावध केलं ते फार बरं केलं. दोन अर्थांत वैद्यकीय फरक मोठा आहे. पायाची आग होणं हे नसांचं दुखणं, त्यात पाय हाताला गार किंवा नेहमीसारखाही लागू शकतो. एक पाय दुसऱ्यापेक्षा हाताला गरम लागणं, सूज, लाली असणं हे मात्र जंतुसंसर्गाचं किंवा आतल्या हाडांच्या इजेचं लक्षण असू शकतं, आणि दुखत नसलं तरी त्याच दिवशी दाखवावं. ‘कॉल युअर डॉक्टर’ लिहिलंय म्हणजे बहुधा दुसरा अर्थ. पत्रकात असं लिहा: ‘दोन्ही पायांना हाताची मागची बाजू लावून बघा. एक पाय दुसऱ्यापेक्षा गरम लागला तर थांबू नका, दवाखान्यात दाखवा.’

आणि पत्रकात पाण्याचा उल्लेख असेल तर ‘फील द वॉटर’चं ‘पाण्यात पाय घालून बघा’ असं चुकूनही होऊ देऊ नका. पाय बधिर असतो म्हणूनच तर भाजतो. पाणी कोपराने बघायचं, किंवा घरातल्या दुसऱ्या कुणाला बघायला सांगायचं.

मंजिरी_अनुवाद

सगळ्यांचे मनापासून आभार. मूळ संस्थेला विचारलं, पाचव्या वाक्यात हाताला गरम लागणंच अपेक्षित आहे.

आता सहा-सात आणि नऊ उरलीत. ‘गाठ जाणवली’ असं लिहावं का? आणि ‘अँक्शस’ला ‘चिंताग्रस्त वाटणे’ घातलं की पत्रक सरकारी परिपत्रकासारखं वाचलं जातं. शिवाय पाठोपाठ मनःस्थितीची एक प्रश्नावलीही येणार आहे, तिच्यात निम्मे प्रश्न ‘फीलिंग’नेच सुरू होतात.

सिस्टर_मनीषा

गाठ ‘हाताला लागते’. बायका हेच म्हणतात: ‘सिस्टर, काखेपाशी काहीतरी हाताला लागतंय.’ ‘जाणवली’ म्हटलं तर गाठ आतून दुखते, टोचते असा समज होतो, आणि न दुखणाऱ्या गाठीकडे दुर्लक्ष होतं. कॅन्सरची गाठ सुरुवातीला बऱ्याचदा दुखत नाही, म्हणून इथे शब्द चुकायला नको. लिहा: ‘गाठ हाताला लागली तर घाबरून जाऊ नका. बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात, पण प्रत्येक गाठ डॉक्टरांना दाखवायचीच, दुखत नसली तरी.’

सहाव्यात नुसतं ‘चाचपून बघा’ अपुरं आहे, कारण बायका चिमटीत धरून बघतात. चिमटीत धरलं की चांगल्या स्तनाचा भागही गाठीसारखा लागतो. ‘मधल्या तीन बोटांच्या पेरांनी, बोटं सपाट ठेवून, छोटी छोटी वर्तुळं करत दाबून बघा. प्रत्येक जागी आधी हलकं, मग मध्यम, मग जोरात दाबा. गळ्याच्या हाडापासून खाली आणि काखेपर्यंत सगळा भाग घ्या.’ पाळी संपल्यावर थोड्या दिवसांनी बघायला सांगा, पाळीच्या आधी स्तन भरलेले, गाठाळ लागतात. पाळी गेलेल्या बायकांनी महिन्यातला एक ठरलेला दिवस धरावा.

एक शब्द आणखी. ‘टेंडर’ला ‘दुखरं’. ‘फील्स टेंडर’ म्हणजे ‘हात लावला की दुखतं’.

कर्मणी

‘अँक्शस’साठी ‘चिंता’ हे नाम आधी बाजूला ठेवा. चिंता कशाची तरी असते. इथे निकाल येईपर्यंतची घालमेल आहे. ‘अशा वेळी जिवाला घोर लागणं साहजिक आहे’ किंवा ‘धास्ती वाटणं साहजिक आहे’. ‘नॉर्मल’ला इथे ‘सामान्य’ नको, ‘साहजिक’च हवं.

प्रश्नावलीबाबत मात्र माझा सल्ला उलटा आहे. तिथे मोकळा अनुवाद करू नका. नैराश्यासाठी पीएचक्यू-९ आणि चिंतेसाठी जीएडी-७ या प्रश्नावल्या जगभर वापरतात. दोन्हींत मागच्या दोन आठवड्यांत किती वेळा, असं विचारतात आणि प्रत्येक प्रश्नाला शून्य ते तीन गुण असतात, म्हणजे पहिलीत कमाल २७ आणि दुसरीत २१. शब्द बदलला की ‘हो’ म्हणणाऱ्यांचं प्रमाण बदलतं आणि गुणांच्या ठरलेल्या मर्यादा निरर्थक होतात. आधीची तपासलेली मराठी आवृत्ती मिळते का ते बघा आणि मिळाली तर जशीच्या तशी घ्या, भाषा थोडी खडबडीत असली तरी.

नसेलच, तर रीत अशी: दोघांनी एकमेकांचं न बघता अनुवाद करायचा, दोन्ही समोर ठेवून एक मसुदा ठरवायचा, मूळ इंग्रजी न पाहिलेल्या तिसऱ्या माणसाकडून तो परत इंग्रजीत करून घ्यायचा, आणि शेवटी काही सामान्य लोकांना वाचून दाखवून ‘यातून तुम्हाला काय कळलं, तुमच्या शब्दांत सांगा’ असं विचारायचं. ‘फील’चे घोटाळे या शेवटच्या पायरीवरच पकडले जातात. परत केलेल्या इंग्रजीत ‘वाटणे’चं पुन्हा ‘फील’ होतं आणि सगळं जुळलंय असं दिसतं.

शब्दवेल्हाळ

शेवटच्या मुद्द्याला पूर्ण दुजोरा. ‘फीलिंग टायर्ड’चं ‘थकल्यासारखं वाटणे’ उलट अनुवादात बिनचूक परत येतं, पण शेतावरून आलेल्या माणसाला विचारलं तर तो रोजच्या कामाच्या शिणवट्याबद्दल ‘हो’ म्हणतो. तिथे ‘काम न करताही थकवा येतो का?’ असा खुलासा आपल्या मनाने घालायचा मोह होतो. प्रश्नावलीत तो टाळायचा, तोंडी पत्रकात खुशाल घालायचा.

उन्हाळ्याचं पत्रक करायची वेळ आली तर आणखी एक ‘फील’ भेटेल. हवामानाच्या अ‍ॅपमध्ये ‘फील्स लाइक’ असतं. ३२ अंश तापमान आणि ७० टक्के आर्द्रता असेल तर ते सुमारे ४१ दाखवतं, कारण दमट हवेत घाम वाळत नाही आणि अंग निवत नाही. ‘४१ अंश जाणवणारे तापमान’ लिहिण्यापेक्षा ‘४१ अंशांइतका उकाडा’ लिहा. कोकणात आणि मुंबईत तो आकडा तापमानाहून महत्त्वाचा. थंडीच्या बाजूला तोच ‘फील्स लाइक’ वाऱ्यामुळे खाली जातो, तिथे ‘गारठा’.

मंजिरी_अनुवाद

पायांच्या पत्रकाचा सुरुवातीचा मसुदा असा झाला आहे:

‘साखर बरीच वर्षं वाढलेली राहिली तर पायाच्या नसा खराब होतात. मग पायाला हात लावलेला, टोचलेलं, भाजलेलं कळेनासं होतं. काहींना कापसावर चालल्यासारखं वाटतं. फोड आला, कापलं तरी कळत नाही, म्हणून रोज डोळ्यांनी बघायचं. तळवा दिसत नसेल तर खाली आरसा ठेवायचा. बूट-चप्पल घालण्याआधी आत हात फिरवायचा.’

यात काही खटकतंय का?

फिजिओ_नाशिक

चांगलं उतरलंय. दोनच बदल. ‘डोळ्यांनी बघायचं’ मध्ये बोटांच्या बेचक्याही घाला, चिखल्या आणि चिरा तिथेच होतात. आणि ‘आत हात फिरवायचा’पुढे ‘खडा, खिळा, उसवलेली शिवण हाताला लागते का बघायचं’ एवढं जोडा. नुसतं हात फिरवायला सांगितलं तर हात फिरतो, पण काय शोधायचं ते माहीत नसतं. ज्यांच्या हाताची बोटंही बधिर आहेत त्यांच्यासाठी ‘बूट उलटा करून झटका, आणि घरातल्या कुणाकडून तरी बघून घ्या’ ही ओळ वेगळी द्यावी लागेल.